९९ ची ऑफर, कॅशवाले काका आणि आमचं घर

घर विकून आता दोन महिने झाले, डोकं जरा शांत झालंय, म्हणून लिहायला बसले. या सगळ्यात आम्ही जवळजवळ पंधरा आठवडे घालवले आणि त्यातले निदान सात तरी निव्वळ आमच्या मूर्खपणाचे होते हे आधीच कबूल करून टाकते.

खरे आकडे सांगत नाही, सांगून तुम्हाला उपयोगही नाही. आमची मागणी १०० होती असं धरा आणि पुढचं सगळं त्याच हिशोबात वाचा.

तर झालं असं की नवऱ्याची बदली झाली, आम्ही दुसऱ्या शहरात भाड्याने राहायला आलो आणि मागे घर रिकामं पडलं, त्यावरचं लोन चालूच. ब्रोकरकडे घर टाकलं आणि दहाएक दिवसांत तीन ऑफर हातात. एक काका, वय साठीच्या आसपास, ९२ देतो म्हणाले, पूर्ण कॅश, तीन आठवड्यांत व्यवहार पूर्ण. दुसरं एक तरुण जोडपं, ९९, पण लोन काढून, त्यांच्याकडे बँकेचं इन-प्रिन्सिपल लेटर होतं (ते काय असतं ते पुढे सांगते). आणि तिसऱ्या एक मॅडम, ९५, त्यांनाही लोन लागणार होतं पण ४० टक्के रक्कम स्वतःची. मॅडमकडे आम्ही धड बघितलंही नाही. सगळ्यात जास्त पैसेही नाहीत आणि कॅशही नाही, मग कशाला, असा विचार केला. हे लक्षात ठेवा, पुढे येणारे.

कॅश म्हणजे काय हे पण सांगते, कारण माझ्या सासूबाईंना पहिले दोन दिवस वाटत होतं की काका पिशवीत नोटा घेऊन येणार. कॅश ऑफर म्हणजे घेणारा लोन काढत नाहीये, पैसे त्याचे स्वतःचे आहेत आणि ते बँकेतूनच तुमच्या खात्यावर येणार, बस एवढंच. खरंच नोटा घेऊन येतो म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच नमस्कार करा.

सासूबाईंचं मत पहिल्या दिवसापासून एकच, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका, काकांना द्या आणि मोकळे व्हा. नवरा म्हणे ९२ आणि ९९ मध्ये ७ चा फरक आहे, ७ म्हणजे काय चेष्टा आहे का. मी मध्ये. मग एका रात्री वही घेऊन बसलो की बाबा थांबायची नेमकी किंमत काय पडते ते तरी काढू. लोनचं व्याज (पूर्ण हप्ता धरायचा नाही हं, त्यातलं मुद्दल म्हणजे आपलंच कर्ज फिटतंय, ते काही वाया जात नाही, फक्त व्याज धरायचं), मेंटेनन्स, टॅक्स, इन्शुरन्स, महिन्यातून एकदा जाऊन घर उघडून बघायचा खर्च, सगळं मिळून महिन्याला साधारण ०.६ पडत होतं. कॅशवाला तीन आठवडे, लोनवाला समजा दहा. सात आठवड्यांच्या फरकाची किंमत झाली १ च्या आसपास. म्हणजे काका मागत होते ७ ची सूट आणि आमचा वेळ वाचत होता १ चा. मग उरलेले ६ कशाचे, तर लोन फिसकटलं तर काय या भीतीचे.

त्या भीतीचाही हिशोब मांडला आम्ही, अंदाजानेच. समजा पाचातला एक लोनवाला व्यवहार फिसकटतो असं धरलं (हा आकडा माझा मनचा, कुठला अभ्यास नाही), आणि फिसकटलं तर दीड महिना फुकट म्हणजे ०.९, शिवाय पुढचा गिऱ्हाईक ३ कमी देईल, झाले ४ च्या आसपास. चाराचा पाचवा भाग ०.८. म्हणजे वेळ आणि भीती धरून सगळे मिळून २ पण होईनात. मग ७ का सोडायचे?

नंतर कळलं की यावर खरोखरचा अभ्यास झालेला आहे. मायकेल रेहर आणि रोसेन व्हाल्कानोव या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या १९८० ते २०१७ मधल्या घरविक्रीचा डेटा तपासला, तर तिथे लोन काढून घेणारे कॅशवाल्यांपेक्षा सरासरी ११ टक्के जास्त मोजतात असं निघालं, आणि उशीर, व्यवहार मोडण्याची जोखीम वगैरे सगळं त्यांच्या मॉडेलमध्ये घालून बघितलं तर रास्त फरक यायला हवा होता जेमतेम ३ टक्के. वरच्या ८ टक्क्यांतले साधारण निम्मे विकणाऱ्यांच्या वेगवेगळ्या परिस्थितीने समजावता येतात, पण उरलेले बहुतेक चुकीच्या अंदाजामुळे, म्हणजे घाबरूनच, सोडून दिले जातात. हे वाचल्यावर नवऱ्याने मला वही परत काढून दाखवली, बघ आपलं बरोबर होतं म्हणून. गणित बरोबरच होतं हो. पण गणितात घातलेला ९९ चुकीचा होता ना.

एक मात्र आहे, हा सरासरीचा हिशोब कोणाला चालतो तर ज्याला थांबायला जमतं त्याला. तुम्ही पुढचं घर बुक केलंय आणि अमुक तारखेला पैसे भरले नाहीत तर तिकडचं बयाणा बुडणार अशी परिस्थिती असेल तर पाचातला एक वगैरे विसरा, तुम्हाला तो एकदाच भोवला तरी पुरे. तिथे मी पण कॅशच घेतली असती, कमी पैशात.

असो. आम्ही घेतली ९९ वाल्यांची ऑफर. गोड जोडपं होतं, घर बघताना खिडकीपाशी उभं राहून पडद्यांचं बोलत होते, मला तिथेच विरघळायला झालं. टोकन घेतलं १, आणि करारात लिहिलं की लोन नामंजूर झालं तर टोकन परत. किती दिवसांत मंजूर व्हायला पाहिजे ते लिहिलंच नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही, ब्रोकरच्याही नाही, का आलं असेल आणि तो गप्प बसला असेल, देव जाणे.

आता इन-प्रिन्सिपल लेटर म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं बँकेने हो म्हटलंय. बँकेने फक्त माणसाचा पगार आणि जुनी कर्जं बघून म्हटलेलं असतं की एवढ्यापर्यंत देऊ शकू, ते पण ढोबळ. पुढे सगळी कागदपत्रं तपासून माणसाचं खरं मंजूर व्हायचं, मग घराचं तपासायचं, म्हणजे व्हॅल्युएशन करणारा येऊन घर बघून त्याची किंमत ठरवणार आणि त्यांचा वकील टायटल, म्हणजे मालकीचे कागद, बघणार, आणि हे सगळं होऊन पैसे सोडायच्या आधी बँक परत एकदा बघते की माणसाची नोकरी जागेवर आहे ना, मध्येच नवीन कर्ज तर नाही ना काढलं. यातल्या कुठल्याही पायरीवर नाही म्हणू शकतात. आमच्या हातात होतं ते पहिल्या पायरीच्याही आधीचं कागद.

साडेतीन आठवड्यांनी व्हॅल्युएशन आलं, ९३.

मी ब्रोकरला म्हटलं, येऊ दे ना, आपलं ९९ ला ठरलंय. तेव्हा त्याने समजावलं. बँक टक्केवारी काढते ती ठरलेली किंमत आणि व्हॅल्युएशन यातल्या कमी आकड्यावर. त्यांची बँक ८० टक्के देणार होती (हे प्रमाण बँकेप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतं). ९९ चे ८० टक्के म्हणजे ७९.२ मिळतील असं धरून ते चालले होते आणि वरचे १९.८ स्वतःचे. आता मिळणार ९३ चे ८० टक्के, ७४.४. जवळजवळ ५ चा खड्डा, आणि तो भरायला त्यांच्याकडे काही नाही. बँकेचे ७४.४ आणि त्यांचे १९.८, ओढूनताणून ९४.२ होतात, आणि त्यातूनच त्यांना रजिस्ट्रेशनचा आणि सामान हलवायचा खर्च काढायचा होता.

म्हणजे बघा, ती ९९ ची ऑफर ९९ ची कधी नव्हतीच. घराचं व्हॅल्युएशन ९९ आलं तरच ती ९९ ची. त्या पोरांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यांनाही हे माहीत नव्हतं. पण मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायला हवा होता, की बाळांनो, व्हॅल्युएशन कमी आलं तर तुमच्याकडे वरून घालायला किती आहेत? एवढ्या एका प्रश्नावर ऑफर किती खरी आहे ते कळलं असतं.

तरी आम्ही ९३ ला यायला तयार झालो होतो, कंटाळून. तेवढ्यात समजलं की त्या जोडप्यातल्या मुलीने मधल्या काळात नोकरी बदललीय, पगार वाढला म्हणून खुशीत होती बिचारी, आणि बँक म्हणाली नवीन नोकरीत प्रोबेशन आहे, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणा मग बघू. झालं. टोकन परत केलं, तिने फोनवर चार वेळा सॉरी म्हटलं. पाच आठवडे गेले.

मग काय, सासूबाईंचा मी-म्हणत-नव्हते वाला चेहरा बघत आम्ही काकांना फोन लावला.

काका बिलंदर निघाले. ते म्हणाले ९२ तेव्हा होते, आता तुमचं एकदा मोडलंय, बाजारात घर जरा शिळं झालंय, ८९ धरा. हा त्यांचाच शब्द, शिळं. नवरा तडकला पण मी म्हटलं थांब, निदान खरंच तीन आठवड्यांत होतंय का बघू. मग काकांनी एक माणूस आणला घर तपासायला, त्याने सगळीकडे ठोकून बघितलं, पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे म्हणून लिहून दिलं (आहे ओल, नाही म्हणत नाही, आम्ही आधीच सांगितली होती), आणि काका आले ८७ वर. इथे मला कळलं की कॅशवाल्याला बँकेची अडचण नसते हे खरं, पण भाव पाडायला त्याला कोणाला विचारावं पण लागत नाही. लोनवाल्याची आकडेमोड निदान बँकेच्या कागदावर असते, काकांची त्यांच्या मूडवर.

तरीही मी म्हटलं, काका, पैसे कुठे आहेत ते दाखवा. त्यांनी मोबाईलवर एक स्क्रीनशॉट पाठवला. स्क्रीनशॉट! मी बँकेचं पत्र मागितलं, ताज्या तारखेचं, खात्यावर नाव आणि शिल्लक असलेलं. दोन दिवस टाळाटाळ, मग हळूहळू बाहेर आलं. निम्मे पैसे खात्यात होते, ते खरे. काही एफडी बायकोच्या नावावर, मोडता येतील. काही शेअरमध्ये, ते ‘जरा भाव वर आला की’ विकणार. आणि उरलेले भावाबरोबरच्या सामाईक जागेचे, ती जागा विकली की येणार, आणि भावाने अजून सही केलेली नव्हती.

त्या रात्री मी वहीत वेगळाच हिशोब मांडला, पैशांचा नाही. प्रत्येकाचे पैसे आपल्या खात्यात यायच्या आधी अजून किती जणांचं ‘हो’ बाकी आहे ते लिहिलं. काकांचं, काकांच्या बायकोचं, भावाचं, भावाच्या जागेला गिऱ्हाईक मिळायचंय त्याचं (आणि तो लोनवाला निघाला तर त्याच्या बँकेचं!), वर शेअर बाजाराचं. कॅश ऑफर म्हणे! आणि मग मॅडमचं लिहिलं. त्यांचं माणसाचं लोन कागदपत्रं तपासून मंजूर झालेलं, सँक्शन लेटर हातात, ४० टक्के रक्कम जुनं घर विकून खात्यावर पडून होती. बाकी काय, बँकेने आमच्या घराला हो म्हणायचं. एक ‘हो’.

सकाळी मीच मॅडमना फोन केला. थोडी लाज वाटत होती. त्या म्हणाल्या, अजून शोधतेच आहे, या बोलायला.

आता ४० टक्क्यांची गंमत बघा. ९५ चे ४० टक्के म्हणजे ३८ त्यांचे, बँकेकडून हवे ५७. त्यांची बँकही व्हॅल्युएशनच्या ८० टक्क्यांपर्यंत द्यायला तयार होती, म्हणजे आमच्या घराचं व्हॅल्युएशन कोणी ७२ केलं असतं तरी त्यांना ५७ मिळालेच असते. ज्या ९३ ने त्या पोरांचा व्यवहार मोडला तो आकडा इथे कोणी विचारत पण नव्हतं. हे मला आधी समजलं असतं तर मी लोनवाला कॅशवाला असे दोन ढीग केलेच नसते. २० टक्के स्वतःचे घालणारा आणि ४० टक्के घालणारा दोघंही लोनवालेच, पण त्यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं ४० वाल्यात आणि कॅशवाल्यात नाही.

या वेळी करार नीट केला. वकील आमचा, ब्रोकरचा नाही. टोकन ५. लोनची अट ठेवली पण ३० दिवसांची, तेवढ्यात बँकेचं घरासकट अंतिम मंजुरीपत्र नाही आलं तर आम्ही दुसऱ्याला विकायला मोकळे. बँकेने नाकारलं तर टोकन परत, पण मन बदललं, दुसरं घर आवडलं वगैरे असेल तर टोकन जप्त. व्हॅल्युएशन कमी आलं म्हणून किंमत कमी होणार नाही. मॅडमनी सगळं वाचलं, एका ओळीवर प्रश्न विचारला आणि सही केली. ब्रोकर त्यांना म्हणाला, पैसे सुटेपर्यंत गाडी-बिडी हप्त्यावर घेऊ नका. तर त्या म्हणे पुढच्याच आठवड्यात गाडी बुक करणार होते! माझ्या पोटात गोळा आला. थांबल्या, बरं झालं.

आणि मग माशी शिंकली ती आमच्याकडून. त्यांच्या बँकेच्या वकिलाने शोधून काढलं की आमच्या घरावर दोन बँकांचं गहाण दिसतंय. आम्ही काही वर्षांपूर्वी व्याज कमी मिळतंय म्हणून लोन एका बँकेतून दुसरीकडे नेलं होतं, जुन्या बँकेचे पैसे कधीच फिटलेले, पण गहाणाची नोंद कोणी उतरवलीच नव्हती. ना त्यांनी, ना आम्ही पाठपुरावा केला. मग जुन्या बँकेत जा, तिथला माणूस म्हणणार ती फाईल आता इथे नसते, दुसऱ्या ऑफिसला जा, तिथे अर्ज, मग पत्र, मग ती नोंद उतरवायला आणखी एक चक्कर. नवऱ्याने तीन वेळा प्रवास केला. १६ दिवस. मॅडमनी त्या काळात एकदाही धमकी दिली नाही हे विशेष, आणि ३० दिवसांची मुदत आम्हालाच वाढवून मागावी लागली, ज्या मुदतीचा मी एवढा तोरा मिरवत होते. घर विकायला काढायच्या आधीच स्वतःच टायटल तपासून घ्या एवढंच म्हणेन. कॅशवाल्याला लवकर विकलं असतं तर हे निघालं नसतं असंही वाटू देऊ नका, त्याचाही वकील असतो, आणि नसला तर ते लचांड पुढे कधीतरी तुमच्याच दारात येणार.

आमचं चालू लोन फेडायचं पण त्यातच बसवलं. आमच्या बँकेकडून अमुक तारखेला एकूण किती बाकी याचं पत्र घ्यायचं, मॅडमची बँक तेवढे पैसे थेट आमच्या बँकेला देते, वरचे आम्हाला, आणि मूळ कागदपत्रं सुटून तिकडे जातात. ऐकायला सोपं आहे, त्या दिवशी दोन बँकांचे दोन माणसं एकमेकांची वाट बघत बसले होते, ते सोडा. पत्रातली तारीख उलटली की व्याज वाढून आकडा बदलतो, त्यामुळे दोन दिवस जास्तीचे धरून पत्र घ्या.

सगळं मिळून मॅडमबरोबर आठ आठवडे लागले. शेवटी ९५ मधून पंधरा आठवड्यांचा २.१ चा खर्च वजा जाता आम्हाला ९२.९ पडले. पहिल्याच दिवशी मॅडमना हो म्हटलं असतं तर ९३.९ पडले असते, म्हणजे १ गेला माझ्या हावरटपणाचा. काकांचे ९२ खरे असते तर तीन आठवड्यांचे ०.४ जाऊन ९१.६. फरक वहीत एवढासाच दिसतो, डोकेदुखीचा रकाना वहीत नव्हता.

पैसे यायच्या दोन दिवस आधीची गोष्ट सांगते. आम्ही सामानाचे शेवटचे दोन खोके बांधत होतो आणि काकांचा फोन आला. आवाज एकदम चढलेला. म्हणाले, ताई, ऐका, ९६ देतो. पूर्ण कॅश. त्या बाईंचं टोकन देऊन टाका परत.

करार झालेला होता, मोडायचा प्रश्नच नव्हता, पण ९६ ऐकून हातातली चिकटपट्टी थांबली हे खोटं कशाला बोलू. मी विचारलं, काका, भावाने सही केली का?

‘करेल हो,’ काका म्हणाले, ‘तो काही मला नाही म्हणायचा नाही.’

मी खोका बंद केला.